तळ्यातलं धूड

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाच्या घरात एक नियम होता. पाय बायकोचे, हात नवऱ्याचे.

नियम खेळातला. खेळ जुना, कॉम्प्युटरवरचा, लोखंडी धुडांच्या लढाईचा. इमारतीएवढं दोन पायांचं यंत्र, खांद्यांवर तोफा आणि डोक्यात बसलेला एक चालक. मुलीने कॉलेजात असताना तो घरी आणला आणि कंटाळून सोडला. आईबाबांनी मात्र उचलून धरला. एकट्याला झेपेना, म्हणून दोघांनी एकच कीबोर्ड वाटून घेतला. बायको शिवणकाम करायची, जन्मभर पायमशीन चालवलेली. तेव्हा डावी बाजू, म्हणजे चालणं, वळणं आणि थांबणं तिच्याकडे. तोफा त्याच्याकडे.

धूड तापायला लागलं की ती ते सरळ जवळच्या तळ्यात नेऊन उभं करायची.

"अगं, शत्रू तिकडे आहे!"

"असू दे की. इस्त्री लाल झाली तर मी लगेच कापडाला लावते का? गार होऊ द्या आधी."

ती चालायची भरभर, म्हणून तो तिला तुरतुरी म्हणायचा. तो जागचा हलायचा नाही, म्हणून ती त्याला ठोंब्या म्हणायची. चालकाचं नाव काय ठेवायचं यावरून भांडण झालं आणि नेहमीप्रमाणे ती जिंकली. चालक तुरतुरी. आणि डाव्या बाजूच्या कोपऱ्यातल्या एका बटणावर तिने लाल कापडाचा तुकडा चिकटवला. "याला हात लावायचा नाही," ती म्हणाली. त्याने लावला नाही. का, ते विचारलंही नाही.

जुना खेळ त्यांनी शेवटापर्यंत नेला. त्याला पुढचे नवे प्रदेश जोडणारी एक डिस्कही तिने आणून ठेवली होती. मुलगी त्याला एक्सपान्शन म्हणायची, ती पुरवणी म्हणायची. "पेपर संपला, पण लिहायचं उरलंय," असं म्हणून हसायची. मग ती आजारी पडली. पाकीट फोडायचं राहून गेलं.

ती गेल्यावर पुष्कळ दिवस ते पाकीट शिलाई मशीनवरच पडून होतं. एका रविवारी दुपारी मुलगी आली, तिने ते पाहिलं आणि न विचारता फोडलं.

खिडकीचा पडदा ओढलेला होता. खोलीत पिवळा, मऊ उजेड होता. कॉम्प्युटरचा पंखा झोपलेल्या माणसासारखा एका लयीत घुरघुरत होता. पडद्यावर प्रश्न आला: जुना चालक आणायचा की नवा?

"नवा," तो म्हणाला.

"का हो? आई आहे ना तयार. सगळी पदकं घेऊन बसलीय."

"खालचं वाच."

खाली लिहिलं होतं की या प्रदेशात चालक मेला तर कायमचा गेला. जुन्या खेळात तसं नव्हतं. तिथे मेलेला चालक पुढच्या लढाईला पुन्हा हजर व्हायचा. मुलीने कीबोर्ड त्याच्याकडे सरकवला.

त्याने नवा चालक घेतला, नाव ठेवलं ठोंब्या. दोन्ही बाजू एकट्याने चालवायला गेला. हात बरोबर पडायचे, पाय नाही. धूड दगडाला अडकायचं, भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, तापून बंद पडायचं. ठोंब्या गेला. मग धाकटा ठोंब्या आला, तोही गेला. दुपार उतरेपर्यंत ठोंब्यांचं अख्खं खानदान संपलं.

"बाबा, तुम्ही चाललाच नाहीत कधी," मुलगी म्हणाली. "तुम्हाला आईने फिरवलंय."

त्याला हसू आलं.

"उठा, मी तोफा घेते. तुम्ही त्या खुर्चीवर बसा."

"तिच्या?"

"खुर्ची आहे ती, देऊळ नाही. बसा."

तो बसला. उशीला तिच्या बसण्याचा खळगा पडला होता. तिथून पडदा जरा तिरका दिसत होता. इतकी वर्षं ती असा तिरका खेळ बघत होती आणि एकदाही बोलली नव्हती.

"आता आणायचं आईला?"

तिला जुन्या चालकांच्या यादीत ठेवली तर ती तिथे कायम राहणार होती. बाहेर काढली तर जाऊ शकत होती, आणि एकदा गेलेली त्याने पाहिलेली होती. त्याने मुलीकडे पाहिलं.

"बसून राहणं तिला कधी जमलंय का?" मुलगी हळूच म्हणाली.

त्याने जुना चालक निवडला.

पुरवणीतला प्रदेश धुक्याचा होता. धूड पाऊल टाकायचं तसं धुकं बाजूला व्हायचं आणि मागून पुन्हा मिटायचं. आवाज दूरचा, पाण्याखालून आल्यासारखा. त्याची बोटं आधी चाचपडली, मग खळग्यात बसलेल्या अंगाला जणू आपोआप कळायला लागलं. डावं, उजवं, डावं. पायमशीनसारखं. खडखड एका लयीत आली की आपण चालवतोय की आपल्याला कुणी चालवतंय, ते कळत नाही. तो तसाच चालत राहिला. समोर तळं आलं. तापमान वाढलं नव्हतं, तरी त्याने धूड पाण्यात नेलं आणि उभं केलं.

"बाबा, शत्रू..."

"असू दे. गार होऊ दे."

पाणी गुडघ्यांशी हललं. पाण्यात दुसरं धूड उलटं उभं होतं. बरं वाटत होतं.

मग धुक्यातून दिवे आले. एक, दुसरा, मग मोजायचं सुचेना. मुलीने तोफा डागल्या, पण समोरचे पुष्कळ होते. एक हात गेला. छाती लाल झाली. तो मागे सरकायला गेला तर पाय गाळात रुतलेले.

"बाबा, लाल कापड! दाबा!"

"त्याला हात लावायचा नाही."

"उडी आहे ती! खुर्चीसकट चालक बाहेर पडतो. मी विचारलं होतं आईला, तू वापरत का नाहीस म्हणून."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, खुर्ची एकच आहे. तुझ्या बाबांना आत टाकून जाऊ होय?"

त्याचं बोट कापडावर होतं. मऊ होतं ते, कडेला सुईचा बारीक टाका. खेळात दुसरं माणूस नव्हतंच. तिने मात्र त्याला कायम आत धरलं होतं.

"जा गं," तो म्हणाला. "मी आहे इथे."

आणि दाबलं.

खुर्ची उडाली. धुकं खाली राहिलं. वर निळं, मोकळं आभाळ होतं, छत्री उघडली आणि खुर्ची सावकाश डुलायला लागली. खाली, खूप खाली, तळ्यात धूड उभं होतं. जागचं हललं नव्हतं. मग ते वाकलं आणि पाण्याने त्याला हळूच आत घेतलं.

"ठोंब्या," मुलगी म्हणाली आणि हसता हसता रडली.

छत्री कुठल्याशा गवतावर उतरली. पडद्यावर अक्षरं आली: तुरतुरी, सुखरूप. नवं यंत्र हवं?

त्याने डोळे पुसले, उशी जरा पाठीशी ओढली आणि डावा हात पुन्हा कीबोर्डवर ठेवला.

"हलकं काहीतरी बघ," तो म्हणाला. "भरभर चालणारं."