हमरियाच्या वाळूतला सराटा

मी सराटा बोलतोय. आखातातल्या हमरियाच्या किनाऱ्यामागच्या वाळूतला, पिवळ्या फुलांचा आणि काटेरी फळांचा. गोड बोलायला मी काही मोगरा नाही. ज्याने माझं घर जाळलं, त्याच्याबद्दल मला बोलायचंय.

इथे पाऊस आला तर आला. तेवढ्या ओलीवर मी फुलतो. माझ्या पायाशी इवल्या माशा वाळूत भोकं पाडून राहायच्या. मधमाश्यांच्याच जातीच्या, पण पोळं न बांधणाऱ्या. माझे पराग त्या पिल्लांना न्यायच्या आणि जाता जाता माझी फळं धरायची. कुणाचे कुणावर उपकार नव्हते.

१९६४ साली रत्नागिरीचा यूनुस इथे आला. पाण्याच्या पंपावर नोकरी, शेजारीच दोन खोल्या. पुढच्या वर्षी बायकोला, कुलसुमला, त्याने बोटीने आणलं. पहिल्याच दिवशी माझा काटा तिच्या टाचेत गेला. अनवाणी ती आली होती, मी तिच्या दारात गेलो नव्हतो. पण यूनुसने गावच्या सराट्याचं सगळं वैर माझ्यावर काढलं. "यल्ला, चला, याला खलासच करतो," म्हणत त्याने माझं गणगोत उपटलं, भोकांत घासलेट ओतलं आणि काडी लावली. माशा आतच गेल्या. कुंपणापलीकडे मी तेवढा उरलो.

कुलसुमला दिवस गेले आणि डोहाळे लागले चिबुडाचे. पदराच्या गाठीत बांधून आणलेलं बी तिने पंपाच्या पाण्यावर लावलं. वेल पसरला, फुलला, पण कोवळी फळं अंगठ्याएवढी होऊन पिवळी पडायची आणि गळायची. शेजारचा खैरुद्दीन म्हणाला, नजर लागली. यूनुसने वेलावरून मिरच्या ओवाळल्या. स्वतःच्या हाताने केलेलं माणसाला कधी दिसतच नाही.

एका सकाळी कुलसुम बराच वेळ वेलाजवळ बसून राहिली. मग नवऱ्याला म्हणाली, "आमच्या मळ्यात नुसती गुणगुण असायची. इथे आवाजच नाही. तुम्ही माशा जाळल्या."

"चावल्या असत्या तुला."

"चावल्या नव्हत्या. काटा गेला होता, तोही माझ्या पायात. मी काही बोलले होते?"

चिबुडाची फोड तोंडाला न लागताच ती बाळंत झाली.

तेव्हापासून यूनुस माझ्या मुळाशी डबाभर पाणी ओततो. मी फुलतो, फुलं सुकून जातात, एकही काटा धरत नाही. शेजारी म्हणतात, बरं झालं, पीडा टळली. अरे, ते काटेच माझी लेकरं!

पाणी नको मला, यूनुस. माशा परत आणून दे. मग तुझ्या पायात कसा रुततो ते बघ.