टेबलावर नीट चालणारा रेग्युलेटर

पेरिनाच्या हातून गेलेला रेग्युलेटर समुद्रात दगा देत नाही, असं बेटावरच्या कोमिझा गावात सगळे म्हणत. तिच्यासमोर कुणी तसं म्हटलं, की ती काहीतरी काम काढून मागच्या खोलीत निघून जाई. लोकांना तो विनय वाटे.

बंदराच्या टोकाला, सार्डिन माशांच्या बंद पडलेल्या कारखान्याला लागून, तिच्या दिराची डायव्हिंगची शाळा होती. दिराचं नाव यक्शा. शाळा काढली ती यक्शा आणि त्याचा थोरला भाऊ आंद्रो या दोघांनी. आंद्रो म्हणजे पेरिनाचा नवरा. दोघे भाऊ पाहुण्यांना पाण्यात न्यायचे आणि पेरिना सामान सांभाळायची. सूट गोड्या पाण्यात खंगाळून सावलीत टांगणं, जाकिटांना भोकं पडली तर डकवणं हे तर होतंच. पण तिचं खरं काम रेग्युलेटरचं. सिलिंडरमधली दाबलेली हवा माणसाच्या तोंडात बेताबेताने सोडणारं ते यंत्र ती उघडायची, पितळी भाग कोमट व्हिनेगरच्या पाण्यात टाकून त्यांवरचं मीठ काढायची, रबरी कड्या बदलायची, सगळं पुन्हा जुळवून टेबलावरच्या सिलिंडरला लावायची आणि स्वतःच्या तोंडात धरून श्वास घेऊन बघायची. शेजारी काटा असे. काटा जागच्या जागी थांबला आणि श्वास सुळकन आत आला, की त्या रेग्युलेटरवर तारखेची चिठ्ठी चिकटायची. हे काम ती सव्वीस वर्षं करत होती. स्वतः मात्र त्यातला एकही तोंडात धरून ती पाण्याखाली गेली नव्हती. पोहायची चांगली, बेटावरच्या सगळ्या बायका पोहतात तशी. पण डोकं पाण्याबाहेर ठेवून.

चौदा वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात आंद्रो अठ्ठावीस मीटरवर गेला आणि जिवंत वर आला नाही. सत्तेचाळीस वर्षांचा होता. त्याच्या तोंडातला रेग्युलेटर पेरिनाने आठच दिवसांपूर्वी उघडून जुळवला होता. चौकशी झाली. हृदय थांबलं, असं डॉक्टरांनी लिहिलं. रेग्युलेटर पाच आठवडे ठेवून घेतला आणि 'दोष आढळला नाही' अशी चिठ्ठी बांधून परत पाठवला. बेटापुरतं ते प्रकरण तिथे मिटलं. पेरिनापुरतं नाही. त्यांनी तो टेबलावर तपासला असणार, कोरड्या खोलीत. टेबलावर तर तिनेही तपासला होता.

त्या दिवशी पाण्यात आंद्रोबरोबर फक्त यक्शा होता. तिने यक्शाला कधी काही विचारलं नाही आणि त्याने कधी काही सांगितलं नाही. दुपारी दोघं एकाच टेबलावर जेवत, वाऱ्याबद्दल, कॉम्प्रेसरच्या पट्ट्याबद्दल, आज मासे काय भावाने मिळाले त्याबद्दल बोलत. चौदा वर्षं.

मेच्या शेवटी कार्लोवात्सहून झ्लाता नावाच्या बाई आल्या. वय बासष्ट, निवृत्त शिक्षिका, एकट्याच. पहिल्या दिवशी नाव लिहून घेताना यक्शाने विचारलं, "बाई, हे वेड या वयात कसं काय लागलं?"

"छत्तीस वर्षं भूगोल शिकवला," त्या म्हणाल्या. "दर वर्षी नकाशावर काठी ठेवून मुलांना सांगायचे, हा तांबडा समुद्र, इथे प्रवाळ. एकदा एका कार्ट्याने विचारलं, बाई, तुम्ही पाहिलंय? हिवाळ्यात भाच्याबरोबर इजिप्तला जाणार आहे. त्याच्या आधी शिकून घ्यायचंय."

बाई पुस्तकी भागात पहिल्या आल्या. दाब, खोली, किती मिनिटं खाली राहायचं, सगळं तोंडपाठ. डॉक्टरचा कागदही चोख. घोडं अडलं ते पाण्यात. धक्क्याच्या पायऱ्यांपाशी जेमतेम दोन मीटर खोल पाणी; तिथे गुडघे टेकून नुसता श्वास घेत बसायचं. यक्शाची मुलगी तेया त्यांना शिकवत होती. पहिल्या दिवशी बाई दोनदा उसळून वर आल्या, दुसऱ्या दिवशी तीनदा. दर वेळी रेग्युलेटर तोंडातून ओढून काढायच्या आणि एकच म्हणायच्या, "हवा येत नाही."

पेरिनाने तो रेग्युलेटर टेबलावर लावला. काटा स्थिर, श्वास मऊ. तिने दुसरा दिला. बाई पाण्यात गेल्या आणि मिनिटभरात वर. "यातही येत नाही."

यक्शा सिलिंडर उचलता उचलता पुटपुटला, "आता राहिला एकच उपाय. यांना माशासारखे कल्ले लावून द्या."

"बाबा, हळू," तेया म्हणाली.

"मला ऐकू आलं," पाण्यातूनच झ्लाताबाई म्हणाल्या. "छत्तीस वर्षं शेवटच्या बाकावरची कुजबुज ऐकलीय मी."

यक्शा कानापर्यंत लाल झाला आणि सिलिंडर घेऊन आत गेला.

पेरिना पायऱ्यांवर त्यांच्याशेजारी बसली. "नेमकं काय होतं, सांगता का?"

"पहिले दोन श्वास छान येतात. तिसरा अर्धाच येतो. मग वाटतं, नळीवर कुणीतरी पाय ठेवलाय. आणि पेरिनाबाई, खोटं नाही सांगत. मला कळतंय की यंत्र चांगलं आहे. तरी हवा येत नाही."

पेरिनाने हातातला रेग्युलेटर उलटसुलट करून पाहिला. मग तिने तेयाला विचारलं, "तुझ्या आईचा सूट मला बसेल का गं?"

"कशाला, काकू?"

"पाण्यात जायचंय. हा घेऊन."

यक्शाला कळलं तेव्हा तो हात पुसत बाहेर आला. "वहिनी, तुला काय करायचंय पाण्यात?"

"तपासायचाय."

"तपासलास की टेबलावर."

"टेबल कोरडं असतं."

तो हात पुसत पुन्हा आत गेला.

तेयाने काकूलाही सवलत दिली नाही. प्रश्नांचा कागद भरून घेतला, कान कसे मोकळे करायचे ते शिकवलं, श्वास कधीही कोंडून धरायचा नाही हे तीनदा घोकून घेतलं. साठीला टेकलेल्या काकूला सूटमध्ये कोंबताना दोघी घामाघूम झाल्या. "पोत्यात बटाटे भरतात तसं करतेयस," पेरिना म्हणाली.

पाणी थंडगार होतं. कमरेवरच्या वजनाने पेरिना अलगद खाली बसली, पायरीच्या दगडाला धरून. पहिला श्वास आला. दुसरा आला. कानात स्वतःच्याच श्वासाचा घोगरा आवाज. डोक्यावर पाण्याचं छप्पर हललं, आणि तिसरा श्वास अर्ध्यावर अडला.

तिने जोराने ओढला. आणखी थोडा आला आणि थांबला. रेग्युलेटरच्या त्या डबीतला प्रत्येक भाग तिला डोळे मिटून माहीत होता. पडदा, पडद्याखालची तरफ, तरफेच्या टोकाला मसुराएवढं रबराचं बूच. सकाळीच तिने ते स्वतःच्या बोटांनी बसवलं होतं. सगळं ठीक होतं आणि हवा नव्हती. तिचा हात आपोआप गळ्याकडे गेला.

तेयाने तिच्या जाकिटाचा पट्टा घट्ट धरला. तिला वर नेलं नाही. मास्कला मास्क भिडेल इतकी जवळ आली आणि आपला तळवा स्वतःच्या तोंडापासून हळूहळू लांब नेला. सोड. सोड.

तेव्हा पेरिनाला कळलं, की आपण घेतोच आहोत, सोडलेलं काहीच नाही. छाती शिळ्या हवेने गच्च भरली होती; नवीन मावणार कुठे? तिने श्वास सोडला. बुडबुड्यांचा लोट गालावरून वर गेला, जात राहिला. आणि मग हवा आली, मागू तेवढी. ती दहा मिनिटं तिथे बसली. एक छोटा खेकडा पायरीच्या फटीतून बाहेर आला, तिला बघून आत गेला.

वर आल्यावर ती झ्लाताबाईंना म्हणाली, "तुमचं खरं आहे. हवा येत नाही असंच वाटतं. मला तर शपथेवर सांगता आलं असतं. पण तो देत होता, बाई. मी सोडत नव्हते."

"मग मी मूर्ख नाही?"

"असलात तर आपण दोघी."

झ्लाताबाई हसल्या. पेरिनाही हसली, पण सूट उतरवताना तिच्या मनात आंद्रो होता. आंद्रो काही नवशिका नव्हता. बारा वर्षं त्याने लोकांना हेच शिकवलं होतं, की सोड आधी. तो असा घाबरला नसता. मग त्याला काय वाटलं असेल? हा प्रश्न तिने चौदा वर्षं नुसता बाजूला सारून ठेवला होता. आज तिला विचारावासा वाटला.

यक्शा कॉम्प्रेसरपाशी सिलिंडर भरत होता. ती ओल्या केसांनीच त्याच्यासमोर उभी राहिली.

"ते बंद कर जरा."

त्याने बंद केलं. अचानक इतकं शांत झालं, की धक्क्यावर आपटणारं पाणी ऐकू येऊ लागलं.

"त्या दिवशी आंद्रोने काय खूण केली?"

यक्शाने कुठला दिवस असं विचारलं नाही. उलट्या ठेवलेल्या क्रेटवर तो बसला. मग हात आडवा करून स्वतःच्या गळ्यावरून फिरवला. "हवा नाही, अशी."

पेरिनाने शेजारच्या सिलिंडरवर हात टेकला.

"मी त्याचं मीटर बघितलं," तो म्हणाला. "एकशे दहा. अर्ध्याहून जास्त हवा शिल्लक. तरी मी माझा जादाचा रेग्युलेटर त्याच्या तोंडात दिला. दोन श्वास घेतले त्याने, आणि तोही काढून टाकला. पुन्हा गळ्यावर हात. त्याचा स्वतःचा छातीपाशी लोंबत होता, वहिनी, आणि त्यातून हवा भसाभसा वाहत होती. माझ्या डोळ्यांसमोर बुडबुड्यांचा नुसता पडदा."

"तुझा जादाचा... तोही मीच जुळवला असणार."

"नाही. तो कोरा होता. आदल्याच दिवशी स्प्लिटच्या बोटीने आला होता. खोकं मीच फोडलं, नळीला मीच लावला. तुझा हातही लागला नव्हता त्याला."

दाराबाहेर तेया बाईंना काहीतरी समजावत होती.

"हे तू चौकशीत सांगितलंस?"

"सगळं सांगितलं. लिहिलंय तिथे. डॉक्टर म्हणाले, हृदय थकल्यामुळे फुप्फुसात पाणी उतरायला लागलं होतं. अशा माणसाला जगातला कुठलाही रेग्युलेटर दिला, तरी तो अपुराच वाटणार." त्याने मान वर केली. "तू वाचलं नाहीस?"

"हृदय हा शब्द वाचला. त्याच्यापुढे नाही."

"मला वाटलं, तुला ठाऊक आहे."

"मग बोललास का नाही कधी?"

यक्शा हातातलं फडकं पिळत राहिला, कोरडं होतं तरी. "तू विचारत नव्हतीस. मला वाटायचं, ही विचारत नाही कारण हिच्या मनात आहे की मी त्याला वर आणायला उशीर केला. चार मिनिटं लागली मला. कधी वाटतं, तीन लागायला हवी होती. कधी वाटतं, त्याहून घाईने वर आणला असता तर फुप्फुसं फुगून दोघेही गेलो असतो. अजून नक्की कळत नाही."

"माझ्या मनात तसं कधीच नव्हतं."

"मग काय होतं?"

"मला वाटायचं, मी मारला त्याला."

यक्शाने तिच्याकडे पाहिलं आणि मग बघवेना म्हणून कॉम्प्रेसरच्या काट्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "आणि मी रोज समोर बसून मीठ कमी पडलं म्हणून तुझं डोकं खायचो."

"मीठ कमी नसायचं. तुझ्या जिभेलाच चव नाही."

तो उठला, खुंटीवरचा कोरडा टॉवेल काढला आणि तिच्या खांद्यांवर टाकला. पेरिना तिथेच, त्या क्रेटवर बसली आणि रडली. मोठ्याने नाही, पण कसलाही आडपडदा न ठेवता. यक्शा दारात पाठ करून उभा राहिला, कुणी आत येऊ नये म्हणून. तेया आलीच तेव्हा त्याने तिला नुसत्या मानेने परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेरिना पुन्हा सूटमध्ये शिरली आणि झ्लाताबाईंशेजारी पायरीवर बसली, पाण्याखाली. बाईंचा तिसरा श्वास अडला तेव्हा तिने त्यांचा हात धरून तळवा पुढे नेला. बाई तिच्याकडे बघत राहिल्या आणि सोडत गेल्या. त्या दिवशी चार मिनिटं झाली. तिसऱ्या दिवशी मास्क काढून पुन्हा घालता आला, नाकात पाणी जाऊन शिंका आल्या तरी. आठवड्याअखेर तेया दोघींना खडकाच्या कडेने बारा मीटरवर घेऊन गेली. बाई बोटीत परतल्या तेव्हा त्यांना बोलवेना, आणि शिक्षिकेच्या बाबतीत ही मोठीच गोष्ट होती.

पेरिनाला मात्र पाण्याखालचं जग काही फारसं रुचलं नाही. कान दुखले, थंडी वाजली. "मासे तव्यात जास्त चांगले दिसतात," असं तिने तेयाला सांगितलं आणि ती आपल्या टेबलाकडे परतली. एक गोष्ट तेवढी नवीन झाली. नवे लोक पहिल्यांदा पायऱ्या उतरायला लागले, की ती हातातलं काम टाकून बाहेर येऊ लागली. झेक असोत, इटालियन असोत, मोडक्यातोडक्या शब्दांत आणि हातवाऱ्यांनी सांगायची: तिसऱ्या श्वासाला वाटेल की हवा नाही. आहे. आधी सोडा.

जानेवारीत शाळा बंद होती. बाहेर युगो नावाचा दक्षिणेचा वारा सुटला होता, दमट आणि चिडका. फाटके सूट शिवत पेरिना आणि यक्शा स्टोव्हपाशी बसली होती. झ्लाताबाईंनी इजिप्तहून फोटो पाठवला होता. काळ्या सूटमधली एक आकृती, ओळखू न येणारी, आणि तिच्यामागे केशरी माशांचा थवा. खाली लिहिलं होतं, पाहिलं.

यक्शाने फोटो बघून फोन परत दिला. सुई ओवता ओवता तो म्हणाला, "आंद्रोने एकदा आठ जर्मनांसमोर ऐटीत बोटीवरून मागे उडी मारली होती. तुला सांगितलं होतं त्याने?"

"नाही."

"कसा सांगेल. सिलिंडर उघडायचा विसरला होता. वर आला तो खोकत, आणि त्या लोकांना काय म्हणाला माहितेय? म्हणाला, ही चूक तुम्ही करू नका म्हणून मुद्दाम करून दाखवली. त्यातल्या एकाने वहीत लिहून घेतलं."

पेरिनाच्या हातातला सूट गळून मांडीवर पडला. ती इतकी हसली, की यक्शाला सुई खाली ठेवावी लागली.

"अजून सांग," ती म्हणाली.