तव्याची पाठ

लाल रंगाची बारा हॉट डॉग, खाटकाच्या कागदात गुंडाळलेली.

तारेच्या दोन घासण्या. एकीचा भुगा झालेला.

खिडकीजवळची उशी घातलेली खुर्ची. तिच्यावर कुणी बसत नाही.

"ती बाई बरी आहे, पण चुलीपाशी नको." हे फोनवरचं वाक्य. बोलणारीला वाटलं होतं, फोन ठेवलाय.

तैवान.

शनिवारी दुपारी तीन वाजता या सगळ्याची गाठ लेनोराच्या सिंकपाशी पडली. तिच्या हातात सासूचा बिडाचा तवा होता, दुकानातून आत्ता आणल्यासारखा करडा, लख्ख. ती कौतुकानं त्याच्याकडे बघत होती, आणि काहीतरी चुकतंय असं वाटायला लागलं होतं.

लेनोरा मूळची ॲरिझोनाची. बासष्टाव्या वर्षी थर्लोशी लग्न करून मेन राज्याच्या किनाऱ्यावरच्या या गावात आली त्याला दोन वर्षं झाली, म्हणजे गावाच्या हिशेबानं ती काल आली. इथं जन्मलात तर इथले, नाहीतर बाहेरचे; मधली पायरी नाही. दर शनिवारी पाच वाजता थर्लोची मोठी बहीण व्हर्ना जेवायला यायची. मडक्यात दिवसभर शिजलेल्या गोडसर घेवड्याच्या बिया, आणि त्यांच्याबरोबर तव्यावर लोण्यात परतलेली लाल हॉट डॉग, म्हणजे पावात घालायची सॉसेजेस. परतायची व्हर्नानंच. लेनोरानं उभ्यानं पाव वाढायचे; खिडकीजवळच्या खुर्चीवर व्हर्नाची पर्स आणि कोट असायचा.

मागच्या शनिवारी मात्र व्हर्ना कोट चढवता चढवता म्हणाली होती, "पुढच्या वेळी तू परत. बघू या."

"आणि नाही जमलं तर?" थर्लोनं हसत विचारलं होतं.

"तर आईचा तवा माझ्या घरी येईल. आणि त्याच्यामागनं शनिवारही."

ती हसली नव्हती. लेनोरा आठवडाभर नीट झोपली नव्हती. या गावात तिला स्वतःचं म्हणावं असं एवढं एकच जेवण होतं.

म्हणूनच तिनं तवा घासला. नणंद परीक्षा घ्यायला येणार, आणि तव्यावर बोटभर काळं! आधी पाठ घासली, मग हात थांबेना. बिडाच्या तव्याला साबण आणि तार लावायची नाही, ते काळं म्हणजे मळ नव्हे, वर्षानुवर्षं मुरलेली चरबी, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. समुद्र खारट आहे हे तरी इथं कोण कुणाला सांगतं?

पाठीवरचा शेवटचा थर निघाला तेव्हा अक्षरं दिसली. थर्लोच्या पणजीनं हा तवा बेटावरून होडीत घालून आणला, ही गोष्ट लेनोरानं निदान चाळीसदा ऐकली होती. तिला वाटलं, जुन्या ओतशाळेचं नाव असेल. तिनं चष्मा लावला.

'मेड इन तैवान.'

तिनं चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

मग व्हर्नानं फोनवर, ते वाक्य निसटण्याआधी, सांगितलेली कृती सुरू केली. आच मंद. लोणी फेसाळलं की टाकायची. चिरा पाडायच्या नाहीत, चिरा बाहेरचे लोक पाडतात. बोटानं ढकलल्यासारखी गोल फिरवत राहायची.

पहिलंच फिरेना. चिकटलं. उलथन्यानं सोडवायला गेली तर सालीची एक बाजू तव्याला राहिली आणि हॉट डॉग पोटातून फाटलं. लेनोरानं इकडेतिकडे बघितलं आणि पुरावा उभ्याउभ्या खाऊन टाकला.

"पाच वाजलेत होय गं?" बाहेरून थर्लो ओरडला. "वास सुटलाय!"

"चार वाजतायत! तू लाकडं फोड!"

आणि नेमकी चारला व्हर्ना आली. तिची गाडी नेहमी पाचला पाच कमी असताना यायची.

"म्हटलं, बघावं काय काय–" ती दारातच थांबली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, काठीसारखी ताठ. तिनं तवा बघितला, घासणी बघितली, लेनोराचे लाल झालेले हात बघितले.

"साबण?"

"साबण," लेनोरा म्हणाली. "आणि तार."

"देवा रे." व्हर्नानं तवा उचलला. "पन्नास वर्षं मी याला–" बोलता बोलता तिनं तो उलटा केला आणि वाक्य तिथंच राहिलं.

लेनोराच्या जिभेवर एक वाक्य होतं, तैवानचं. ते बोललं असतं तर तवाही राहिला असता आणि शनिवारही. तिनं ते गिळलं.

"चूक माझी आहे, व्हर्ना," ती म्हणाली. "पाठीवरचं मी काही वाचलं नाही. माझा चष्मा कुठंय कोण जाणे."

चष्मा तिच्या नाकावर होता.

व्हर्नानं त्या चष्म्याकडे बघितलं. मग दार उघडून ओरडली, "थर्लो! काळा पाव घरी राहिला माझा. जाऊन घेऊन ये!"

"अगं, पिशवीत दिसतोय की तुझ्या!"

"तो कालचा आहे! जा म्हणते ना!"

गाडी वळणाआड गेली तशी तिनं बाह्या सारल्या.

"मडकं ओव्हनमधनं बाहेर काढ. बिया शिजल्यात, थांबतील. ओव्हन पूर्ण तापव. डुकराची चरबी आहे ना? चोळ. इतकी नको गं, गाडीला रंग देतेस का? पातळ. आता पुसून काढ, चुकून लावल्यासारखी. पाठीला जास्त लाव. मग आत ठेव, काळा होईस्तोवर."

"पाठीला दोनदा लावते," लेनोरा म्हणाली.

"शहाणी आहेस," व्हर्ना म्हणाली, आणि मग तोंडावर हात धरून अशी हसायला लागली की तिला ओट्याचा आधार घ्यावा लागला.

जेवण पावणेसहाला झालं. या घरात असा उशीर कधी झाला नव्हता. थर्लोनं दोन वेळा मनगटावरचं घड्याळ ठोकून बघितलं. परतायला लेनोराच उभी होती. लोणी दुप्पट, आच निम्मी, आणि व्हर्ना मागून "ढकल, ढकल" म्हणत होती. दोन फाटली. बाकीची नऊ चकाकत फिरली. पावांच्या कडा शेवटी त्याच लोण्यात भाजल्या.

थर्लोनं पहिला घास घेतला. साल कट्कन तुटली.

"काही म्हणा," तो डोळे मिटून म्हणाला, "आईच्या तव्याची चव ती चव."

"अगदी," लेनोरा म्हणाली.

"खा मुकाट्यानं," व्हर्ना म्हणाली. मग खिडकीजवळच्या खुर्चीवरची आपली पर्स आणि कोट तिनं उचलून कोपऱ्यात ठेवला. "उभी काय राहिलीस, लेनो? बस इथं. मोहरी दे इकडे."

आईचा तवा १९७४ च्या जानेवारीत, थर्लो नौदलात असताना, मागच्या दाराच्या गोठलेल्या पायरीवर व्हर्नाच्या हातून पडला आणि त्याचे दोन तुकडे झाले.