हिंगणदऱ्याच्या डब्यातील पुरचुंडी

नांदेडहून सकाळी सुटणाऱ्या पॅसेंजर गाडीने महादेवप्पा देवणीला, आपल्या गावी, निघाले होते. चाळीस वर्षे संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या या गृहस्थांना घाई ठाऊक नव्हती. निजामाच्या काळी घातलेल्या या लोहमार्गावर लहानातल्या लहान स्थानकाचाही मान राखत जाणारी गाडीच त्यांना प्रिय होती.

सोबत नात होती, शिवांगी. नांदेडला अभियांत्रिकी शिकणाऱ्या या मुलीने आजोबांना एक नवाच खेळ शिकवला होता; ती त्याला जिओकॅशिंग म्हणे. हौशी लोक जागोजागी लहान डबे दडवतात आणि त्यांचा ठावठिकाणा फोनवर नोंदवतात. शोधणाऱ्याने आतल्या वहीत नाव लिहायचे, एक वस्तू घ्यायची, आपली एक ठेवायची, आणि डबा होता तसा पुन्हा दडवायचा. या मार्गावरच्या सात स्थानकांवर कुणीतरी असे डबे ठेवले होते. गाडी थांबे तेवढ्यात डबा गाठायचा, हीच त्यातली गंमत.

आपण घ्यायचे काही नाही, पण ठेवायचे ते पवित्र असावे, असे महादेवप्पांनी ठरवले होते. म्हणून त्यांनी भस्माच्या वड्या पांढऱ्या वस्त्रात बांधून सात पुरचुंड्या करून खांद्याच्या झोळीत ठेवल्या होत्या.

परळीच्या अलीकडे एका स्थानकात डब्यासाठी वाकताना त्यांच्या गळ्यातला शिवदोरा कुंपणाच्या तारेत अडकून तुटला. त्या दोऱ्यात, पांढऱ्याच वस्त्रात, त्यांचे इष्टलिंग होते. आठव्या वर्षी गुरूंनी दीक्षा देऊन तळहातावर ठेवलेले ते लिंग सहासष्ट वर्षांत अंगावेगळे झाले नव्हते. त्यांनी ते वरच्यावर झेलून कपाळाला लावले. तेवढ्यात गाडीने शिटी दिली. उदगीरला नवा दोरा घेऊ, तोवर झोळी छातीशी आहे म्हणजे देवही छातीशीच आहे, अशी मनाची समजूत घालून त्यांनी ते झोळीत ठेवले.

पुढचे स्थानक हिंगणदरा. गुडघ्यांनी नकार दिला म्हणून महादेवप्पा खिडकीशीच बसले आणि चष्मा न लावता झोळीतली एक पुरचुंडी त्यांनी शिवांगीच्या हाती दिली. ती धावत गेली, धावत आली.

तासाभराने गाडी क्रॉसिंगसाठी थांबली. शिवांगीने भाकरीचे फडके सोडले. जेवणाआधी पूजा करावी म्हणून महादेवप्पांनी झोळीत हात घातला. एक पुरचुंडी सोडली, भस्म. दुसरी सोडली, भस्म. उरलेल्या साऱ्या सोडल्या.

"शिवांगी," ते म्हणाले, "मघाशी त्या डब्यात मी भस्म दिले नाही गं."

"मग काय दिलंत, अज्जा?"

त्यांनी मोकळ्या गळ्यावर नुसता हात ठेवला.

लिंगाचे दर्शन झाल्याखेरीज पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, हा त्यांचा नेम होता, आणि तो मोडण्याचा विचारही त्यांच्या मनाला शिवला नाही. शेजारच्या रुळावर उलट दिशेची गाडी सुटण्याच्या बेतात होती. भाकरी तशीच गुंडाळून दोघे तिच्यात चढली. चैत्राचे ऊन डब्याच्या पत्र्यातून उतरत होते. शिवांगीने पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी ती हलकेच बाजूला सारली. मग तीही प्यायली नाही. त्यांनी पुष्कळ समजावले, पण मुलगी ऐकणारी नव्हती.

हिंगणदऱ्याला वाफेच्या इंजिनांच्या काळातली दगडी पाण्याची टाकी आहे. तिच्या तळाशी, दोन चिऱ्यांच्या फटीत, डबा होता. शिवांगीने फटीत हात घातला आणि हात रिकामाच बाहेर आला; डबा नव्हता. महादेवप्पा तिथेच जमिनीवर बसले. गुरूंना समाधिस्थ होऊन कितीतरी वर्षे झाली होती. तरी त्यांना काय सांगावे, हाच प्रश्न त्यांना पडला.

पलीकडच्या चहाच्या टपरीवर मात्र वेगळीच कुरबूर चालली होती. दोन गिऱ्हाइके आम्लेटसाठी ताटकळली होती आणि टपरीवाला त्यांना दाद देत नव्हता.

"देव बसल्यात माझ्या टपरीत," तो सांगत होता. "देवाचा धनी येऊस्तर अंडं फुटायचं न्हाई."

महादेवप्पा उठले. गुडघ्यांनी या खेपेला तक्रार केली नाही.

टपरीवाल्याचे नाव महेबूब. बेवारस वस्तूंपासून सावध राहा असे स्थानकावरचा भोंगा दिवसभर बजावत असतो, त्यामुळे मुलीने दडवलेला डबा त्याने उघडून पाहिला होता. शेजारच्या नागप्पाच्या गळ्यात जन्मभर असेच लिंग पाहिलेले, तेव्हा ओळख पटायला वेळ लागला नाही. त्याने नळावर हात धुतले, ईदेसाठी आणलेला कोरा रुमाल वरच्या फळीवर अंथरला, त्यावर पुरचुंडी ठेवली आणि तवा उतरवला.

"ह्या वयात लपाछपी खेळून राहिलात का, गुरुजी?"

"खेळलो आणि हरलो."

"हरलात कसलं? सापडलं की."

टाकीच्या सावलीत, डाव्या तळहातावर, महादेवप्पांनी पूजा केली. महेबूबने पुड्या बांधायच्या सुताचे रीळ काढून दिले. शिवांगीने चार पदर वळून दोरा केला. लिंग गळ्याशी आले. मग आजोबा-नातीने एकाच बाटलीतले पाणी प्यायले आणि वर महेबूबचा चहा. साखर फारच होती. महादेवप्पांनी दुसरा कप मागितला.

डब्यात या खेपेला भस्मच गेले, चष्मा लावून. वहीत त्यांनी स्वच्छ अक्षरात महेबूबचे नाव लिहिले. खेळात आलेल्यानेच नाव लिहायचे असते, असे शिवांगी म्हणाली.

"ज्याला सापडले, त्याचे," एवढेच बोलून त्यांनी वही मिटली.

दुपारची गाडी आली. महेबूब त्यांना चढवायला गाडीच्या डब्यापर्यंत आला. तवा अजून खालीच होता. गाडी हलली. पुढच्या वळणावरून महादेवप्पांनी मागे पाहिले, तेव्हा टपरीवर तव्याचा धूर दिसत होता.