बोटभर जमीन

"म्हणजे तू आभाळातून बघून मला सांगणार, की माझं घर सरकतंय?" दादाने चहाचा कप खाली ठेवला आणि बायकोकडे बघून डोळे मिचकावले. "ऐकलंस का गं? आपण झोपतो आणि घर फिरायला जातं."

धाकटी हसली नाही. पन्नाशी उलटली तरी या घरात तिला दुसरं नाव नव्हतं. संशोधन केंद्रात तिला सगळे मॅडम म्हणत. रडारने टिपलेल्या प्रतिमांवरून जमीन, जंगल, पाणी यांच्यातले बारीकसारीक बदल ओळखण्यात तिचा जन्म गेला होता. पण दादापुढे बसली की ती पुन्हा गणित चुकलेली मुलगी व्हायची.

"फिरायला नाही रे. हा सगळा उतार खाली चाललाय. उपग्रहावरून रडारची लहर येते, जमिनीवर आपटून परत जाते. थोड्या दिवसांनी पुन्हा तीच जागा, तशीच लहर. परत जायला जरा जास्त वेळ लागला, की समजायचं, जमीन लांब गेली. ढग असोत, अंधार असो, तिला फरक पडत नाही."

"किती लांब गेली?"

"वर्षभरात बोटभर."

"बोटभर!" दादाला हसू आवरेना. "अगं, माझं पोट याहून जास्त सरकलं या वर्षात. त्याचा काढ म्हणावं फोटो."

वडील गेले तेव्हा दादाने शिक्षण सोडून बसचं स्टिअरिंग हातात घेतलं, म्हणून धाकटी शिकली. पुढे नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी स्वतः विटा वाहून, त्याने दरीच्या अंगाला हे घर उभं केलं. बहीण नेमकं काय करते हे त्याला शेवटपर्यंत उमगलं नाही, पण पुढच्या सीटवरच्या प्रवाशाला तो हटकून सांगायचा, "आमची धाकटी आभाळातून जमीन मोजते."

वहिनी उठली आणि तिने मागच्या दाराला खांदा लावला. दार चौकटीत बसेना. "यांनी दोनदा रंधा मारला," ती म्हणाली.

"लाकूड फुगतं," दादा म्हणाला. पण त्याचं हसू ओसरलं होतं.

पुढच्याच आठवड्यात धाकटी त्या भागाच्या सरकारी अधिकाऱ्यासमोर बसली होती. माणूस वाईट नव्हता, त्रासलेला होता.

"कधी कोसळणार, तेवढं सांगा."

"ते नाही सांगता येत."

"उद्या?"

"उद्याही कोसळेल. दहा वर्षं टिकेलही."

"मग लोकांना मी काय सांगू, मॅडम? तुम्ही असं करा, 'लक्ष ठेवावे' एवढंच लिहा. तुम्हीही सुटलात, मीही सुटलो."

तिने 'वस्ती हलवावी' असं लिहिलं आणि खाली सही केली.

वस्तीच्या बैठकीत शिंपी उभा राहिला. उतारावरच त्याचं घर होतं आणि खाली लागून दुकान. "बाईंचं स्वतःचं घर आहे का हो कुठे?" त्याने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं. "एकदा स्वतःचं सोडून बघा म्हणावं."

लोक हसले. धाकटी केंद्राने दिलेल्या दोन खोल्यांत राहत होती. भिंतीवर खिळा ठोकायचा तरी परवानगी लागायची. कोपऱ्यातून दादा उठला. "माझी बहीण आहे ती," एवढंच बोलला आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी त्याने सामान बांधायला घेतलं. बसचा ड्रायव्हर निघाला म्हटल्यावर हळूहळू बाकीचेही निघाले. खालच्या सपाटीवर एक बंद पडलेली गिरणी होती. तिच्या दमट खोल्यांत वस्ती येऊन पडली.

पावसाळा आला, तसा गेला. डोंगर ढिम्म हलला नाही. दुसरा पावसाळाही कोरडाच गेला. आता धाकटी कधी गिरणीत आली, की शिंपी मशीन थांबवून म्हणायचा, "बाई, डोंगर हजर आहे, बरं का!" ती मान खाली घालून दादाच्या खोलीत शिरायची.

केंद्रात तिच्याभोवती तरुण मंडळी होती. जेवणाच्या सुट्टीत ती एकत्र बसायची, मोठमोठ्याने हसायची आणि मॅडम आल्या की अदबीने जागा द्यायची. त्या अदबीपेक्षा एकटं जेवणं तिला सोपं जायचं. डबा पडद्यासमोरच उघडायचा. समोर उताराची करडी प्रतिमा असायची आणि तिच्यात घरांचे पांढरे ठिपके, कारण भिंत आणि जमीन जिथे मिळते तिथून लहर जोरात परत फिरते. कुठला ठिपका कुणाचा, ते तिला पाठ झालं होतं. दादाच्या वरच्या घरी ती पूर्वी वर्षानुवर्षं फिरकली नव्हती, पण त्याच्या ठिपक्याला मात्र एकदाही चुकली नव्हती.

मग आकडे बदलले. उताराचा वेग कमी झाला. हे तिने स्वतःच अधिकाऱ्याला कळवलं. लपवण्यासारखं त्यात काही आहे, हे तिच्या मनातही आलं नाही. बातमी गिरणीत पोचायला वेळ लागला नाही.

दादाचा फोन आला. त्याची छाती भरली होती, शब्दाशब्दाला धाप लागत होती. "थांबला म्हणे डोंगर."

"थांबला नाही, दादा. दम खातोय."

"मीही दमच खातोय," तो हसायला गेला आणि खोकत राहिला. "ऐक. मला वर घेऊन चल. इथे भिंतीला ओल, उशाला ओल. माझ्या खिडकीत पडू दे मला."

"मोठा पाऊस झाला, आत पाणी मुरलं, की तो पुन्हा सुटेल. मला सोडवत नाही तुला तिकडे."

"माझं घर, माझा जीव. तुझं काय जातंय?"

"तू गेलास, की सगळी वस्ती तुझ्यामागून वर जाईल. आली होती तशीच."

"बरं बाई," दादा शेवटी म्हणाला. "तू म्हणतेस, तर नाही जात."

तो गिरणीतच वारला. धाकटी पोचली तेव्हा वहिनी त्याच्या पायांपाशी बसली होती. तिने वर पाहिलं. डोळे कोरडे होते. "एक दिवस न्यायचं होतंस गं," ती म्हणाली. "एकच दिवस." त्यानंतर ती धाकटीशी बोलली नाही. फोन केला तर शेजारीण उचलायची आणि सांगायची, झोपल्यात.

पुढच्या वर्षी धो धो पाऊस झाला. पडद्यावर वेग वाढताना धाकटीने पाहिला. तिने वरचा रस्ता बंद करायला लावला. आणि एका दुपारी, ऊन पडलेलं असताना, डोंगर खाली आला. मोठा आवाज झाला, धूळ उडाली, आणि संपलं. वर कुणीच नव्हतं, म्हणून कुणीच मेलं नाही. पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या.

ती गेली तेव्हा गिरणीतली माणसं दरीच्या अलीकडे येऊन उभी होती. समोर नुसती लाल, उघडी माती. झाड नाही, रस्ता नाही, ओळखीचं काही म्हणून नाही. अधिकारी पुढे आला, म्हणाला, "मॅडम, तुमचंच खरं ठरलं." हे ऐकायला ज्याने असायला हवं होतं, तो नव्हता.

ती लोकांपासून जरा लांबच उभी राहिली. थोड्या वेळाने कुणीतरी शेजारी आलं. वहिनी होती.

"कुठे होतं गं घर?" वहिनीने मातीकडे बघतच विचारलं. "मला काही कळेनासं झालंय."

धाकटीने वरचा सुळका पाहिला, दरीची कड पाहिली आणि हात उचलला. "तो मोठा दगड आहे ना, त्याच्या थोडं खाली. तिथे."

वहिनी तिच्या हाताच्या रोखाने बघत राहिली. मग हळूच मान हलवली.

"आणि आमचं?" मागून एका म्हातारीने विचारलं. धाकटीने दाखवलं. "आमचं हो, ताई? चढावरचं?" तेही दाखवलं. माणसं गोळा होत गेली. एकेक जण पुढे यायचा, विचारायचा, तिच्या बोटाच्या दिशेने टक लावून बघायचा आणि दुसऱ्याला जागा करून द्यायचा. सगळ्यांच्या मागे शिंपी घुटमळत होता. शेवटी तोही आला. डोक्यावरची टोपी काढून त्याने हातात धरली.

"बाई, आमचं दुकान?"

तिचा हात भरून आला होता. तिने तो खाली घेतला, आणि दुसऱ्या हाताने त्याला दाखवू लागली.