खांबाखाली कुणाची दोरी

आमचे सर कॉलेजात नेहमी सांगायचे, घाबरलेल्या माणसासाठी इमारत बांधायची असेल तर आधी माणूस मोजा, जमीन मागाहून. मी मेली आज्ञाधारक! अक्षरशः तेच केलं, आणि त्यापायी एका पोरीच्या जिवावर बेतलं.

मी वेनेरान्दा. घरी वेनी म्हणतात, गावात सगळ्या पोरींना म्हणतात तसं मलाही 'इंदाय' म्हणायचे. सेबू शहरात आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला होते. मोठ्या वादळात समार बेटाच्या किनाऱ्यावरचं ते गाव पार धुऊन निघालं होतं. ज्यांची माणसं पाण्यानं नेली अशी पोरं नि मागं उरलेली म्हातारी माणसं, यांच्यासाठी तिथं एक घर उभं राहणार होतं. एरवी बालघर, वादळ आलं की आसरा. आराखडा माझा होता. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की ती पोरं टेबलाखाली शिरायची, बोलावलं तरी बाहेर यायची नाहीत. ते बघून मला रडू यायचं आणि रडू आलं की मला राग येतो. म्हटलं, असं घर बांधीन की यांना पुन्हा कधी टेबलाखाली जावं लागणार नाही.

म्हणून मी ठरवलं, प्रत्येक पोराला त्याच्या डोळ्यांच्या उंचीची एक खिडकी. पोराला भिंतीला टेकून उभं करायचं, टाचेपासून डोळ्यांपर्यंत रंगीत सुतळी धरायची आणि तोडायची. मोठ्यांच्या उंचीच्या खिडक्यांतून पोरांना नुसतं आभाळ दिसतं, आणि त्या पोरांनी आभाळाचा धसका घेतला होता.

"आणि पोर वाढली की खिडकी पण वाढणार का गं?" लोला पासिंगनं टोमणा मारला. लोला म्हणजे आजी; ही मिरासोल नावाच्या चिमुरडीची. तिला एक मिरासोल सोडली तर कुणी उरलं नव्हतं.

"दुसरी लहान येतील ना, लोला."

"येतील. आमच्या इथं पोरांना काय तोटा!" असं म्हणून तिनं स्वतःच मिरासोलला माझ्यापुढं ढकललं. पोरीनं लाल सुतळी निवडली. मापाच्या वेळी ती श्वास रोखून उभी राहिली, का ते मी विचारलं नाही.

खांबांचे खड्डे खणून झाले. कुठली खिडकी कुठल्या खांबाशी येणार ते मुकादम इस्कोला, सगळ्यांच्या मानोयला म्हणजे दादाला, कळावं म्हणून मी ज्याची त्याची सुतळी त्या त्या खड्ड्याजवळच्या खुंटीला बांधली. मला तो अगदी शहाणपणाचा कळस वाटला होता.

आता आमच्याकडे खांब उभा करायच्या आधी खड्ड्यात कोंबडीचं रक्त सांडतात. फादर येऊन पवित्र पाणी शिंपडतात ते वेगळं, रक्त ते रक्तच. त्याच्यापुढचंही सगळ्यांना ठाऊक असतं. पूल असला, मोठी इमारत असली, की कोंबडीवर भागत नाही, मग गाडी येते आणि खांबाखाली पुरायला पोरं उचलते. माझ्या आईनं हेच सांगून मला अख्खा उन्हाळा अंगणात कोंडून घातलं होतं. मोठी झाल्यावर मी त्यावर हसले, आर्किटेक्चरच्या वर्गात तर सगळे मिळून हसलो.

खांब उभे करायच्या आदल्या दुपारी दुकानापुढं ताडी प्यायला बसलेली मंडळी रंगात आली होती. त्यात कार्यो. त्याच्या जिभेला हाड नाही. मी तिथून जाताना म्हणतो कसा, "काय हो आर्किटेक, एवढ्या मोठ्या घराला एका कोंबडीत भागतंय होय? उगाच नाही पोरं मोजून ठेवलीत! कुठलं पोर कुठल्या खड्ड्यात, खुणासुद्धा करून ठेवल्यात!"

सगळे खो खो हसले. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी त्याला दोन शब्द सुनावले आणि तरातरा निघून आले. दुकानात मीठ घ्यायला आलेली मिरासोल माझ्या नजरेसही पडली नाही.

सकाळी मी साइटवर पोचते तोवर लोला पासिंग अनवाणी धावत आली. "पोरगी नाही घरात! इंदाय, तू पाहिलीस का माझी पोरगी?"

 मिरासोल फार लांब गेली नव्हती. साइटच्या कडेला वादळातून वाचलेला एकच उंच नारळ होता, त्याच्या पार शेंड्याला, झावळ्यांच्या बुंध्याशी ती चिकटून बसली होती. पाणी आलं त्या दिवशी तिच्या बापानं तिला अशाच एका झाडावर चढवलं होतं. बाप खालीच राहिला.

"मिरासोल! खाली ये बाळा!" मी ओरडले.

माझा आवाज ऐकताच ती किंचाळली. तसली किंचाळी मी त्याआधी ऐकली नव्हती. "तिला घालवा! ती मला खड्ड्यात घालणार आहे! माझी दोरी बांधलीय तिनं!"

मानोय इस्को चढायला लागला तर तिनं एक हात सोडून दिला. "वर आलास तर उडी मारीन!" तो जिथल्या तिथं थिजला आणि हळूहळू उतरला. वारा वाढला होता, झाड शेंड्याकडं डुलत होतं.  ती केव्हापासून वर होती कुणास ठाऊक.

गाव गोळा झालं. लोकांनी वर पाहिलं, मग खुंटीची लाल सुतळी पाहिली, मग माझ्याकडं पाहिलं. आणि कार्यो! काल हसणारा हाच कार्यो आज म्हणाला, "मी म्हणत नव्हतो? नव्हतो म्हणत?"

"अरे ए, तू चेष्टा करत होतास!"

"चेष्टेत खरं बोलतो माणूस."

कुणीतरी विचारलं, पोरांची मापं कशाला हवी होती? मी खिडक्यांचं सांगायला लागले. माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं. मागं एकाच्या हातात नारळ सोलायचा कोयता होता. तो रोजच असतो त्याच्या हातात, पण त्या दिवशी मला दुसरं काही दिसेना.  पळाले असते तर संपलंच असतं. वर पोर, खाली मी, दोघीही अडकलो होतो.

लोला पासिंग मात्र माझ्याकडं बघतसुद्धा नव्हती. मान वर करून ती नातीला विचारत होती, "मग काय करू गं माझे आई? काय केलं म्हणजे उतरशील?"

 मग वरून आवाज आला, "तिची दोरी टाका. माझ्या खड्ड्यात तिची टाका."

 मानोय इस्को सुतळीचा गुंडा घेऊन माझ्याजवळ आला. डोक्यापासून टाचेपर्यंत माझं माप घेतलं, सुतळी तोडली, आणि पाठमोरा होऊन पुटपुटला, "इंदाय, तुझं मन नसेल तर दुसरा तुकडा टाकतो. वरून तिला काय कळतंय?"

आता बघा, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. मी हसून म्हणायला हवं होतं, टाक रे माझीच, त्यात काय! पण मी चटकन मान डोलावली. त्यानं माझी सुतळी मुठीत दाबली आणि दुसराच तुकडा खड्ड्यात सोडला. मला एकदम हायसं वाटलं.

"खोटी आहे!" मिरासोल वरून ओरडली. "ती घाबरलीच नाही! तिची नाहीच ती!"

ओरडताना तिचा पाय सटकला. गावाच्या तोंडून देवाचा एकच धावा निघाला, "सुसमारियोसेप!" ती एका झावळीला लोंबकळली, कशीबशी पुन्हा बुंध्याला मिठी मारली. लोला पासिंग मटकन खाली बसली.

मी इस्कोची मूठ उघडली. माझी सुतळी घामानं ओली झाली होती. मी खड्ड्याच्या काठाशी गेले. आत सळ्यांची जाळी, तळाला कालच्या कोंबडीचं रक्त काळपट पडलेलं. आणि मला काय झालं सांगू? हात पुढं होईना.  आईचा अंगणातला आवाज आठवला, त्या खड्ड्यात मी उभी आहे, वरून सिमेंटचा माल ओततायत, असं दिसायला लागलं. सगळं शिक्षण कुठल्या कुठं गेलं. मी सगळ्या गावासमोर लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडले, आणि रडता रडता सुतळी सोडली.

 मग वरून अगदी हलकेच आवाज आला, "आता तिचीच आहे."

इस्को चढला. या वेळी तिनं हात सोडला नाही. त्यानं तिला पाठीवर घेतलं आणि खाली आणलं. तिच्या पोटाची, मांड्यांची साल निघाली होती. लोलानं तिला आधी एक धपाटा घातला आणि मग सोडेचना. गर्दी पांगली. कार्योनं माझी नजर चुकवली आणि सिमेंटच्या गोण्या उचलायला लागला.

"काढू का ती?" इस्कोनं मला हळूच विचारलं. "माल ओतायच्या आत काढतो. कुणाचं लक्ष नाही."

होतं. मिरासोल आजीच्या खांद्यावरून बघत होती, माझ्याकडं नाही, खड्ड्याकडं. पुढचं प्रत्येक वादळ तिला याच घरात काढायचं होतं.

"राहू दे," मी म्हटलं. "ओता."

पहिलं घमेलं पडलं तेव्हा मी डोळे गच्च मिटून घेतले. छातीवर ओझं आल्यासारखं झालं. उघडले तर मिरासोल शेजारी उभी.

"तुला भीती वाटतेय?" तिनं विचारलं.

"हो."

"रात्री जास्त वाटते. झोप येत नाही." तिनं थोडा विचार केला. "तू आमच्याकडे झोपायला ये. एका बाजूला लोला, एका बाजूला भिंत, मध्ये मी असते. आज तू मध्ये झोप."

मी नाही म्हणाले नाही.