साडेसात मिनिटांचा पूल

मावशीने आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या आणि त्याचा तिला पगार मिळाला. एका छापखान्यात तीस वर्षं ती मुद्रितं तपासत होती. छापखाना बंद पडला आणि ती घरी बसली, पण हात शिवशिवायचे थांबेनात. आठवड्याभरात तिने औषधाच्या बाटलीवरचा कागद तपासला, जिन्यातली सूचना तपासली आणि शेजारणीने जावयाला लिहिलेलं पत्रसुद्धा तपासून परत दिलं. शेजारीण दोन दिवस बोलली नाही. तेव्हा भाचीला मावशीची दया आली की शेजारणीची, कोण जाणे. ती म्हणाली, "मावशी, तू माझ्या दुकानात ये. तिथे चुकांना तोटा नाही."

दुकान कसलं, ड्रायक्लीनरच्या डोक्यावरची एक खोली होती ती. जमीन कायम कोमट, हवेत इस्त्रीच्या वाफेचा वास, तीन टेबलं, चार कॉम्प्युटर आणि भिंतीवर एक पांढरा फळा. भाची इंटरनेटवरून कॉम्प्युटरचे गेम विकायची. मोठ्या दुकानांत रोज ढिगाने नवे गेम येतात. भाचीकडे महिन्याला चार. तेही असे, की ते कुणी घेईल असं त्यांच्या आईबापांनाही वाटलं नसतं. एक गेम नुसता कुलपं दुरुस्त करण्याचा, एक आंधळ्या मांजराचा, एक शेवाळ वाढवण्याचा.

"गिऱ्हाईक आपल्याकडे येतं ते आपण निवडून ठेवतो म्हणून," भाची सांगायची. "एकदा का भलतंसलतं ठेवलं, की गेला विश्वास."

निवडीची रीत ठरलेली होती. शुक्रवारी तिघांनी गेम खेळायचा. तिघं म्हणजे भाची, मावशी आणि बग्या. बग्याचं खरं नाव वेगळंच होतं, पण कुठल्याही गेममधली बिघाडाची जागा, म्हणजे 'बग', तो वास घेत गेल्यासारखा शोधायचा, म्हणून बग्या. सोमवारी सकाळी गेम न उघडता फळ्यावरच्या तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची. चालतो का? कळतो का? आठवतो का? पहिला प्रश्न बग्याचा, दुसरा भाचीचा. तिसरा मावशीने आल्यावर घातला होता. दोन दिवसांनी ज्यातलं काहीच आठवत नाही, ते विकायचं कशाला, असं तिचं म्हणणं. तिघांचा होकार पडला तरच गेम दुकानात. नाहीतर नकाराचं पत्र, आणि ते लिहायचं काम मावशीकडे. पूर्वी सगळ्यांना दोन ओळींचा एकच छापील नकार जायचा. मावशीला ते पटलं नाही. माणसाने वर्षभर खपून काही केलं, तर का नको ते तरी त्याला कळायला हवं, म्हणून ती प्रत्येकाला वेगळं पत्र लिहायची आणि खाली लिहायची, 'निवड विभाग'.

एके दिवशी एका पुलाचा गेम आला. सोबत बेचाळीस पानांची माहितीपुस्तिका. बोटी आल्या की वर उचलतात तसल्या पुलाच्या केबिनमध्ये आपण बसायचं, फाटकं लावायची, तरफा ओढायच्या, बोट गेली की पूल खाली आणायचा. करणारा माणूस अशाच पुलावर एकतीस वर्षं नोकरीला होता. पूल आपोआप चालायला लागला, तसा तो निवृत्त झाला आणि वाचनालयातून पुस्तकं आणून गेम बनवायला शिकला. बग्याने पुस्तिका बघितली आणि हात जोडले. मावशीने मात्र बेचाळीसच्या बेचाळीस पानं वाचली.

तिने लिहिलं, 'सोळाव्या पानावर डावी तरफ दोनदा आली आहे. पण खेळणारा माणूस इतकं वाचत बसणार नाही. जे सांगायचं ते खेळता खेळता कळू द्या.'

दीड महिन्याने गेम परत आला. पुस्तिका गायब. पत्राची सुरुवात होती, 'निवड विभाग यांस स. न. वि. वि.' मावशी खूश झाली. त्या दिवसापासून तिने त्या माणसाचं नाव ठेवलं पूलमास्तर.

या वेळी गेम कळत होता. पण पूल वर जाऊन खाली यायला आठ मिनिटं लागायची. खरीखुरी आठ मिनिटं. तेवढा वेळ काचेतून खाली बघत बसायचं. फाटकापाशी माणसं जमायची, उभी राहायची, बस्स.

सोमवारी भाची म्हणाली, "मला फक्त जांभई आठवते."

बग्याला बोटीचा भोंगा आठवत होता. मावशी म्हणाली, "मला एक बाई आठवते. हातात लांबलचक ट्यूबलाइट घेतलेली. वारा आहे, तिला ती धरवत नाही, आणि शेजारचा माणूस पुढे होऊन दुसरं टोक धरतो."

"एवढंच?"

"एवढंच," मावशी म्हणाली. तिलाही ते फार वाटलं नाही. नकार ठरला, आणि तिने कंबर कसली. गेम चांगला होता, थोडा हात फिरवला की झालं असतं. तिने लिहिलं, 'थांबणं कमी करा.' पूलमास्तरांनी आठ मिनिटांची चाळीस सेकंदं केली. मग तिने लिहिलं, 'खालची माणसं मुकी वाटतात, त्यांना बोलतं करा.' त्यांनी बोलतं केलं. 'आज हवा छान आहे नाही?' 'हो, छान आहे.' मग तिने वादळ सुचवलं, त्यांनी वादळ आणलं. प्रत्येक वेळी पत्राच्या शेवटी एकच वाक्य असे, 'आपल्या सूचनेप्रमाणे दुरुस्ती केली आहे.' असं करता करता वर्ष सरलं. पाचव्यांदा आलेला गेम झटपट होता, बोलका होता, त्यात वादळ होतं आणि वादळातून बोट वाचवली की टाळ्या वाजत होत्या.

सोमवारी बग्या म्हणाला, "चालतो."

भाची म्हणाली, "कळतो. आणि खरं सांगू? मजा येते. मावशी, तू सोनं केलंस याचं. बोल, काय आठवतं?"

मावशी फळ्यापाशी गेली. वादळ आठवावं म्हणून तिने डोळे मिटले. "ट्यूबलाइटवाली बाई," ती म्हणाली.

बग्या जरा घुटमळला. "मावशी, ती बाई यात नाहीये."

"नाही कशी? मी पाहिली."

"ती मागच्या वर्षीची. ती सहाव्या मिनिटाला यायची. आता पूल चाळीस सेकंदांत खाली येतो, ती फाटकापर्यंत पोचतच नाही. आत कोडमध्ये आहे अजून, मी बघितलं. रस्त्याच्या टोकाला चालतेय बिचारी."

मावशी खुर्चीत बसली. खाली ड्रायक्लीनरचं यंत्र फुसफुसत होतं.

"माझा नकार," ती शेवटी म्हणाली.

भाचीचा पारा चढला. "अगं, वर्षभर त्या माणसाला पिदडलंस! तू म्हणशील तसं त्यांनी केलं. आता कुठल्या तोंडाने नाही लिहिणार?"

"लिहिणार नाही. बोलावून घेते."

पूलमास्तर गुरुवारी आले. उंच, किंचित वाकलेले, इस्त्रीचा शर्ट, आणि हातात पिशवी. पिशवीत मावशीची चारही पत्रं, तारखेप्रमाणे लावलेली. दारात उभं राहून त्यांनी खोलीभर नजर फिरवली.

"निवड विभाग?"

"या, बसा," मावशी म्हणाली.

"बाकीचे लोक जेवायला गेलेत का?"

बग्याला हसू आवरेना. मावशी ओशाळली. "बाकीचे कुणी नाहीत हो. विभाग म्हणजे मीच."

पूलमास्तरांनी ते जरा वेळ मनात घोळवलं. "म्हणजे ती बेचाळीस पानं तुम्ही एकट्यांनी वाचलीत?"

"वाचली."

"माझ्या मुलानेही नाही वाचली," ते म्हणाले आणि बसले.

मावशीने घसा साफ केला. चूक कबूल करायची सवय तिला नव्हती. जन्मभर ती टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसली होती. "माझं चुकलं," ती एका दमात म्हणाली. "तुमच्या गेममध्ये चूक नव्हतीच तिथेही मी दुरुस्ती केली. ते थांबणं काढायला नको होतं. पण तुम्ही तरी का काढलंत? एकदा तरी नाही म्हणायचं."

"तुम्ही इतकं बारकाईने सांगत होता. मला वाटलं, तुम्हाला कळत असेल."

"आणि ती माणसं काय बोलायची खाली? हवेचं?"

"मला काय ठाऊक?" पूलमास्तर हसले. "मी वर काचेच्या आत. एकतीस वर्षांत एक शब्द ऐकू आला नाही. तुम्ही म्हणालात बोलतं करा, म्हणून लिहिलं आपलं काहीतरी. मला नुसती तोंडं हलताना दिसायची."

"ट्यूबलाइटवाली बाई खरी होती?"

ते पिशवीचे बंद सारखे करत राहिले. "होती. वारा होता त्या दिवशी. तो माणूस रोज सायकलवरून यायचा, तिला ओळखत नव्हता. त्याने टोक धरलं. मग दोघं काहीतरी बोलून हसले. पुढच्या आठवड्यात एकमेकांना बघून थांबले. मग बरोबर यायला लागले. दोनेक वर्षांनी बाबागाडी ढकलत आले." ते थांबले. "खरं म्हणजे पूल साडेसात मिनिटांचा होता. नियमात तसं लिहिलंय. मी आठ लावायचो."

"का?" भाचीने विचारलं. ती आपलं काम सोडून कधी जवळ येऊन उभी राहिली, ते कुणाला कळलं नव्हतं.

"कुणी ना कुणी बोलत असायचं खाली. नेमकं बोलणं रंगात आलं की पूल खाली यायचा आणि जो तो आपल्या वाटेने चालू लागायचा. म्हणून शेवटची तरफ जरा सावकाश सोडायचो. अर्ध्या मिनिटाने कुणाचं काय बिघडतंय? वरच्यांनी दोनदा विचारलं, उशीर का. मी म्हणालो, वंगण कमी पडतंय." त्यांनी मावशीकडे पाहिलं. "हे कुणाला सांगितलं नव्हतं आजवर."

मावशीने त्यांच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

भाचीने दुसऱ्या खेपेला आलेला, आठ मिनिटांचा गेम शोधून काढला आणि स्वतः खेळायला बसली. पूलमास्तर तिच्या शेजारी बसले. त्यांनी एकही सूचना केली नाही. भोंगा वाजला, फाटकं लागली, पूल उठला. पहिली तीन मिनिटं भाची चुळबुळत होती. चौथ्या मिनिटाला ती खालच्या माणसांकडे पाहू लागली. टोपीवाला कुणाला तरी घड्याळ दाखवत होता. सहाव्या मिनिटाला रस्त्याच्या टोकाकडून ती बाई आली, ट्यूबलाइट सांभाळत, वाऱ्याशी झगडत. भाची पडद्याकडे झुकली. शेजारच्या माणसाने हात पुढे केला.

"आता पूल खाली आणायचा?" तिने हळूच विचारलं.

"तुमच्यावर आहे," पूलमास्तर म्हणाले.

भाचीने तरफ धरून ठेवली.

तो गेम तसाच दुकानात लागला. पुस्तिका नाही, बोलणं नाही, वादळ नाही. भाचीला धाकधूक होतीच. घेतलेला गेम दोन तासांत परत करता येतो, आणि इथे पहिली आठ मिनिटं काही घडतच नाही. माहितीच्या जागी मावशीने लिहिलं, 'यात थांबावं लागतं. घाई असेल तर घेऊ नका.' बग्या म्हणाला, असं लिहून कुणी दुकान चालवतं का? भाचीने ते बदललं नाही.

पहिल्या आठवड्यात दर तिघांतल्या एकाने परत केला. 'हा गेम आहे की शिक्षा?' एकाने लिहिलं. मावशीचा जीव कासावीस झाला. तिने ते पूलमास्तरांपासून लपवायचं ठरवलं, पण त्यांनी आधीच वाचलं होतं. "पुलावरही शिव्या देत होते लोक," ते म्हणाले. "काचेमुळे ऐकू यायच्या नाहीत, एवढंच."

राहिलेल्यांनी मात्र तो सोडला नाही. तो फार खपला असं नाही, पण खपायचा थांबलाही नाही. दुकान त्याच्यावर श्रीमंत झालं नाही आणि त्याच्यापायी बुडालंही नाही. मग एका बाईचं पत्र आलं. ती आणि तिचे वडील लांबलांबच्या गावांत राहतात. फोनवर 'जेवलात का' आणि 'जपून राहा' यापलीकडे त्यांचं बोलणं कधी गेलं नव्हतं. आता रविवारी दोघं एकाच वेळी गेम उघडतात, फोन कानाला लावतात आणि पूल खाली येईपर्यंत बोलतात. मागच्या रविवारी वडिलांनी तिला तिच्या आईशी पहिली भेट कशी झाली ते सांगितलं. मधेच पूल खाली आला, म्हणून त्यांनी लगेच दुसरी बोट बोलावली.

मावशीने ते पत्र पूलमास्तरांना वाचून दाखवलं. ऐकताना ते खिडकीबाहेर बघत होते. वाचून झाल्यावर म्हणाले, "पुन्हा एकदा वाचता?" तिने पुन्हा वाचलं, या वेळी सावकाश.

त्यानंतर ते दर शुक्रवारी येऊ लागले. बोलावलं कुणी नव्हतं आणि नकोही कुणी म्हटलं नाही. बग्याने खालून एक जादा खुर्ची मागून आणली. गेल्या शुक्रवारी दोन बहिणींनी बनवलेला एक गेम आला, कोटांवरून हरवलेल्या बटणांच्या जोड्या जुळवण्याचा. भाची आणि बग्या अर्ध्या तासात खेळून मोकळे झाले. मावशीने तासाभरात संपवला आणि तिला तो साधारण वाटला. पूलमास्तर अजून पहिल्याच कोटापाशी होते, चष्मा कपाळावर, नाक पडद्याला टेकलेलं.

"मला तर यात काही दिसलं नाही," मावशी म्हणाली. "तुम्हाला काय सापडलं एवढं?"

"सांगतो. थोडा वेळ द्या."

"घ्या की," ती म्हणाली, आणि दोघांसाठी चहा टाकायला उठली.